ख्रिस्ती काउन्सेलिंग आणि 'बाहेरचं' काउन्सेलिंग, नक्की फरक काय? (भावासाठी विचारतेय)

नगरची_थोरली

सलाम मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २६. पुण्यात आयटीत होता, मार्चमध्ये नोकरी गेली, तेव्हापासून नगरला घरी आहे. रात्री तीन-तीनपर्यंत जागा, मधेच छातीत धडधड, हात गार, श्वास लागतो. एकदा मध्यरात्री दवाखान्यात नेलं, इसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले हा पॅनिक अटॅक वाटतोय, कोणाला तरी दाखवून घ्या. आता कोणाला दाखवायचं यावरून घरात दोन पार्ट्या झाल्यात. आई आणि मोठे काका म्हणतात आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे ने, ते काउन्सेलिंग करतात, सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) शिकलेत, पैसे पण घेत नाहीत. मावसबहीण म्हणते सायकॉलॉजिस्टकडेच जा, प्रार्थना काय घरीही होते. आईला भीती अशी की बाहेरचा माणूस याला म्हणेल तुमच्या चर्चमुळेच तुला गिल्ट येतो, चर्च सोड, नाहीतर ओंकार लावायला सांगेल. आणि मला भीती की पाळकसाहेब म्हणतील विश्वास कमी पडला, आणि तो आहे त्याच्याही खाली जाईल.

भाऊ स्वतः म्हणतो कुठंच नको, आणि पाळकांकडे तर नकोच नको, कारण रविवारी त्यांच्याच समोर बसायचंय आणि त्यांच्या मिसेस आईच्या भगिनी मंडळात आहेत.

मला खरंच कळत नाहीये की या दोन्हीत फरक काय असतो. आधी प्रार्थना, शेवटी प्रार्थना आणि मधलं सगळं सेम, असं असतं का? की मुळातच वेगळं काम आहे? ज्यांनी दोन्हीपैकी काही केलंय त्यांनी सांगा. कृपया धर्मावरून भांडू नका, मी ऑलरेडी घरात तेच ऐकतेय.

---

कोरा_चहा

आधी सायकॅट्रिस्ट. थायरॉईड आणि बी१२ पण करून घ्या, धडधड आणि झोप उडणं त्यानेही होतं. बाकी चर्चा नंतर.

---

डॅलसचा_बाळ्या

ताई, मी टेक्सासमध्ये असतो, माझी बायको इथल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपमध्ये आहे आणि आम्ही दोघं मागे दीड वर्ष मॅरेज काउन्सेलिंगला जात होतो, त्यामुळे यातलं थोडंफार नाइलाजाने वाचावं लागलं.

पहिली गोष्ट म्हणजे 'ख्रिस्ती काउन्सेलर' या एका नावाखाली तीन वेगळी माणसं बसलेली असतात. एक म्हणजे पाळक, ज्यांच्या कामाचाच भाग आहे लोकांचं ऐकणं. दुसरा तो जो स्वतःला 'बिब्लिकल काउन्सेलर' म्हणवतो. आणि तिसरा म्हणजे रीतसर सायकॉलॉजी शिकलेला, लायसन्स असलेला, जो स्वतः ख्रिस्ती आहे आणि तुम्हाला चालत असेल तर विश्वासाचं बोलणं थेरपीत आणतो. तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे कोणी ख्रिस्ती काउन्सेलिंग म्हणालं की आधी विचारायचं, यातलं कुठलं?

दुसऱ्या प्रकाराचा इतिहास मजेशीर आहे. जे अ‍ॅडम्स म्हणून एक अमेरिकन पाळक आणि प्रोफेसर होते, त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की चर्चने हे काम मानसशास्त्रज्ञांना देऊन टाकलंय, ते परत घ्या. शरीराचा आजार असेल तर डॉक्टर, पण बाकी जे त्रास आहेत ते बरेचसे पापाशी आणि चुकीच्या वागण्याशी जोडलेले आहेत, तिथं माणसाला शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, समोरासमोर सांगा. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतला एक ग्रीक शब्द त्यांनी घेतला, आपल्या मराठी शास्त्रात तिथं 'बोध करणे' असं येतं. म्हणजे काउन्सेलरने नुसतं हं हं करत ऐकायचं नाही तर बोध करायचा. त्यांच्या नंतरच्या लोकांनी हे बरंच मऊ केलं, समोरचा माणूस पापीच असतो असं नाही, तो दुःख सोसणाराही असतो, हे मान्य केलं.

याच्या उलट लॅरी क्रॅबसारखे लोक, जे आधी सायकॉलॉजिस्ट होते. ते म्हणाले बायबलमधले इस्राएल लोक मिसर (इजिप्त) सोडताना तिथलं सोनं-चांदी घेऊन निघाले ना, तसं मानसशास्त्रातलं कामाचं तेवढं घ्या. ही दोन घराणी अजून भांडतायत, तुम्ही तुमच्या घरातल्या दोन पार्ट्यांचं मनावर घेऊ नका.

प्रॅक्टिकल फरक म्हणाल तर इथं टेक्सासमध्ये लायसन्स हवं तर मास्टर्स करून वर ३,००० तास सुपरव्हिजनखाली काम करावं लागतं. चर्चमधल्या बिब्लिकल काउन्सेलरला यातलं काही लागत नाही, आणि मग इन्शुरन्सही पैसे देत नाही. आम्ही तिसऱ्या प्रकाराकडे गेलो. पहिल्याच दिवशी फॉर्मवर प्रश्न होता, सेशनमध्ये प्रार्थना हवी का, हो / नाही / नंतर ठरवू. आम्ही 'नंतर ठरवू'वर टिक केली आणि दीड वर्षात ठरवलंच नाही 😄

---

पापडीची_पोर

मी वसईची, कॅथलिक. हे मी कधी लिहिलं नव्हतं कुठं, पण तुझ्या भावासाठी लिहिते.

मला कॉलेजात असताना एक त्रास सुरू झाला. कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) केलं की बाहेर येऊन बाकावर बसेपर्यंत वाटायचं अमुक सांगायचं राहिलं, तमुक नीट सांगितलं नाही, मग ते पाप माफ झालंच नाही, मग परत रांगेत. आमच्या पॅरिशला झालं की शेजारच्या गावच्या चर्चला, तिथले फादर ओळखत नाहीत म्हणून. मिस्सात (चर्चच्या उपासनेत) कम्युनियनची भाकर घ्यायची भीती. रात्री यादी लिहून काढायची पापांची, तीन तीन पानं, त्यात काय असायचं तर आईला उलट बोलले, मनात वाईट विचार आला. घरच्यांना वाटायचं पोरगी किती भाविक. मला वाटायचं मी नरकात चाललेय.

शेवटी एका म्हाताऱ्या फादरांनी ओळखलं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं ते बाहेर काढू शकत नाहीत, माझ्याशीसुद्धा स्वतःहून नाही, ते गुप्ततेचं सील म्हणजे सील असतं. म्हणून तिथल्या तिथेच म्हणाले, बाळा हे पाप नाही, हा आजार आहे, याला स्क्रुपल्स म्हणतात, आमच्या संत इग्नेशियसनासुद्धा मन्रेसात असताना हाच त्रास होता, सांगितलेलीच पापं पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटायची आणि जीव द्यायचे विचार यायचे. तू डॉक्टरकडे जा. मी तिथंच रडले.

मग मुंबईत एका बाईंकडे गेले, सायकॉलॉजिस्ट, ख्रिस्ती नव्हत्या. ओसीडी निघाला, म्हणजे त्याच त्याच शंका आणि त्याच त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. त्यांची ट्रीटमेंट अशी की शंका आली तरी यादी लिहायची नाही, परत कन्फेशनला जायचं नाही, ती अस्वस्थता तशीच बसू द्यायची, हळूहळू ती आपोआप उतरते. पण आता अडचण बघ. मी म्हटलं तुम्ही मला कन्फेशनपासून थांबवताय म्हणजे तुम्ही सैतानाचं काम करताय 🙈 खरंच म्हटलं असं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या फादरांना विचारून ये की किती दिवसांनी पुरे. फादर म्हणाले महिन्यातून एकदा, यादी न आणता, आणि शंका आलेलं पाप सांगायचंच नाही, ही माझी आज्ञा, चूक झाली तर माझ्या माथी. ते ऐकून जे सुटल्यासारखं झालं ते कुठल्याही बाहेरच्या डॉक्टरला जमलं नसतं, कारण परवानगी देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. आणि नुसत्या फादरांनी मी बरी झाले नसते, कारण ते आधीची दोन वर्षं दर आठवड्याला मला माफी देतच होते ना.

म्हणून माझ्या मते कन्फेशन आणि काउन्सेलिंग यांची गल्लत नको. एक पापासाठी, एक मनाच्या दुखण्यासाठी. आणि गुप्ततेतही फरक आहे. कन्फेशनचं सील कशानेच उघडत नाही. थेरपिस्टने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुझं सगळं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही.

---

नगरची_थोरली

@पापडीची_पोर ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्यात कन्फेशन नसतं पण भाऊ 'देवाने शिक्षा दिली' असं एकदा म्हणाला होता, ते आत्ता आठवलं.

---

निरीश्वर_नाना

सगळं वाचलं. एकविसाव्या शतकात पॅनिक अटॅकला पाळक की डॉक्टर हा प्रश्न पडतो यातच सगळं आलं. उद्या भूत उतरवायला न्याल. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे म्हटलं आठवण करून द्यावी.

---

रविवारचा_माणूस

@नाना, कायदा माहीत आहे आणि चांगला आहे. भूत काढतो म्हणून माणसाला मारहाण करणाऱ्या कोणालाही तो लागू होतो, मग तो मांत्रिक असो नाहीतर आमच्यातला कोणी 'सुटकेची प्रार्थना' करणारा असो. तसे लोक आमच्यात आहेत, मी नाही म्हणत नाही.

भगिनी, मी मराठवाड्यात एका छोट्या मंडळीचा पाळक आहे. तुमच्या पाळकसाहेबांना ओळखत नाही, पण त्यांच्या खुर्चीतून दिसतं तसं सांगतो. सेमिनरीत पास्टोरल केअर आणि काउन्सेलिंग असा विषय असतो. ज्यांनी त्यातच एम.टीएच. (धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) केलंय त्यांची गोष्ट वेगळी, पण माझ्यासारख्या साध्या पाळकाचा तो थोडासा अभ्यास आणि थोडं प्रॅक्टिकल. त्याने मी ऐकायला शिकलो. उपचार करायला नाही.

आमच्याकडे जे आहे आणि डॉक्टरकडे नाही ते म्हणजे आम्ही जातो. रात्री दोनला फोन आला तरी जातो, पन्नास मिनिटं झाली म्हणून उठत नाही, आणि 'देवाने शिक्षा दिली' असं कोणी म्हणालं तर त्या वाक्याला हात घालायची आम्हाला मुभा आहे. बाहेरचा काउन्सेलर बहुतेक विचारेल, असं तुम्हाला का वाटतं? ते बरोबरच आहे. मी मात्र त्याच्यासोबत शास्त्र उघडून बसतो. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा आलेले त्याचे मित्र आठवा. सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं, तू पाप केलं असशील म्हणून बोलायला लागले आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवतो, ते अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया नाही. लोकांना आश्चर्य वाटतं की असं पण शास्त्रात आहे.

आणि एलीया संदेष्टा. झुडपाखाली बसून म्हणतो पुरे झालं, माझा जीव घे. देव काय करतो, उपदेश? नाही. झोपू देतो. दूत उठवून भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. 'तू इथं काय करतोस' हा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आमचे बरेच बंधू भाकरीच्या आधीच प्रश्न विचारतात, तिथं घोळ होतो.

आता आमची अडचण, जी तुमच्या भावाने बरोब्बर पकडलीय. डॉक्टर लोक पेशंटशी दुसरं नातं ठेवायचं टाळतात. माझं तर सगळं कामच दुसऱ्या-तिसऱ्या नात्यांचं आहे. ज्याचं ऐकतो त्याच्या वडिलांचं दफन मी केलेलं असतं, त्याचं लग्न मीच लावणार असतो, त्याचे काका कमिटीवर असतात. त्याला माझ्यासमोर मोकळं व्हायचं नसेल तर तो विश्वासाचा प्रश्न नाही, साधी अक्कल आहे. पॅनिक, न झोपणं, जिवाचं बरंवाईट, भास, दारू यातलं काही दिसलं की मी डॉक्टरकडे पाठवतो आणि शक्य असेल तर सोबत जातो.

---

उंबरठा

वरचे पाळक भले असतील. सगळे नसतात म्हणून लिहितेय.

माझा नवरा हात उचलायचा. मी आमच्या मंडळीत काउन्सेलिंगला गेले (कुठली ते सांगत नाही). बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राचा ५ वा अध्याय काढून वाचला, पत्नीने अधीन राहावं, सत्तर वेळा सात क्षमा कर. त्याच अध्यायात तीन ओळी खाली नवऱ्यांनी काय करायचं तेही आहे, ते नाही वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज, 'आपल्या एका भगिनीच्या घरातील अशांतीसाठी प्रार्थना करावी'. नाव नव्हतं, पण आमच्यात भगिनी आहेत किती, दोन तासांत सासूचा फोन. प्रार्थनेची विनंती म्हणून गॉसिप फिरतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

नंतर एका संस्थेत गेले, धर्माशी संबंध नसलेली. तिथल्या बाईंचा पहिला प्रश्न होता, आज रात्री घरी जाणं सेफ आहे का? मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, कागदपत्रं कुठं ठेवायची, सगळं. त्या बाईंमुळे मी आज जिवंत आहे म्हटलं तरी चालेल.

पण एक प्रामाणिकपणे सांगते. वर्षभराने मला रात्री वेगळंच खायला लागलं, की मी वेदीपुढे दिलेलं वचन मोडलं. त्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? अहो मला काय वाटतं ते कळत नाही म्हणून तर विचारतेय. तो गुंता शेवटी एका म्हाताऱ्या बायबल टीचरने सोडवला. क्षमा करणं वेगळं आणि परत त्या घरात जाणं वेगळं, पहिलं देव मागतो, दुसऱ्यासाठी समोरच्यालाही बदलावं लागतं. एवढंच म्हणाल्या. मला तेवढंच हवं होतं.

---

चौकट_मोडा

थोडं उशिरा लिहितोय. मी ठाण्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, घरचं वातावरण हिंदू, स्वतः फार काही मानत नाही. सध्या ओपीडीतून आल्यावर एवढंच टाइप होतंय त्यामुळे विस्कळीत असेल.

आईंच्या भीतीबद्दल. चर्च सोड असं कोणी म्हणालं तर तो वाईट थेरपिस्ट, सरळ उठून या. आपली मूल्यं क्लायंटवर लादायची नाहीत हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. पण ओंकारवाली भीती मला अगदीच हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे 'सेक्युलर' म्हणून जे चालतं त्यात नकळत बरंच घरचं मिसळलेलं असतं, काउन्सेलर सहज गीतेचा दाखला देतो, ध्यानाला बसताना ओम म्हणायला लावतो आणि त्याला वाटतही नाही की हे धार्मिक आहे. ख्रिस्ती, मुस्लिम किंवा बौद्ध क्लायंट मात्र लगेच आखडतो. मीही केलंय हे, एका मुलीने तोंडावर सांगितलं तेव्हा कळलं. श्वासाचे व्यायाम ओमशिवाय तितकेच चालतात. पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा, मी ख्रिस्ती आहे, हे हे मला चालणार नाही.

फरक कुठं आहे? तंत्रात फार नाही. पॅनिकसाठी मी सीबीटी वापरतो, म्हणजे 'धडधड झाली, आता मी मरणार' हा विचार पकडायचा, पुरावा तपासायचा, ज्या जागा टाळतो तिथं थोडं थोडं जायचं, घरी करायला वही देतो. शिकलेला ख्रिस्ती थेरपिस्टही हेच करेल, फक्त विचार तपासताना तो बायबलचं वचनही समोर ठेवेल. खरा फरक 'बरं होणं म्हणजे काय' इथं आहे. माझ्यासाठी क्लायंटला स्वतःला हवं तसं जगता यायला लागलं, त्रास कमी झाला, की काम झालं. त्यांच्यासाठी देवाशी नातं नीट होणं हाही उद्देश असतो, आणि काही जणांच्या लेखी तर तोच मुख्य. आपला भाऊ कुठल्या उद्देशाने येतोय हे त्याला विचारा, आईला नाही.

अवांतर: ज्याने 'सल्ला देऊ नका, समोरच्याला बिनशर्त स्वीकारा' हे शिकवलं तो कार्ल रॉजर्स स्वतः पाळक व्हायला न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत गेला होता, दोन वर्षांनी सोडून समोरच्या टीचर्स कॉलेजात गेला. आणि दारू सोडवणाऱ्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) च्या बारा पायऱ्या १९३० च्या दशकातल्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आल्यात. वांद्र्याचं कृपा फाउंडेशन फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलं, तिथं बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग एकत्र चालतात. @नाना, त्यामुळे भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

शिक्षण तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) रजिस्ट्रेशन नंबर मागा, मागण्यात काही अपमान नाही. नुसता 'काउन्सेलर' हा शब्द वर्षानुवर्षं कोणीही दारावर लावत आलंय, धार्मिक असो नाहीतर निधर्मी. गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे जातात, मधेच मनाने बंद करू नका, 'प्रार्थनेने बरा झालो' म्हणूनही नाही. आणि मधल्या काळात रात्री जड गेलं तर १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

---

निरीश्वर_नाना

@चौकट_मोडा रॉजर्सचं माहीत नव्हतं. भूत वाला टोमणा मागे घेतो. बाकी मत तेच.

---

नगरची_थोरली

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. अपडेट देते.

धागा भावाला दाखवला. त्याने पापडीच्या ताईंचं दोनदा वाचलं, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला पुण्यातच बघ कोणीतरी, नगरला नको. सायकॅट्रिस्टकडे जाऊन आलो, एक गोळी चालू केलीय, आणि सायकॉलॉजिस्ट मिळाल्यात, नंबर विचारला तर त्यांनी हसत सर्टिफिकेटच दाखवलं. भावाने पहिल्याच सेशनला सांगितलं मी ख्रिस्ती आहे आणि मला ओम नको. त्या म्हणाल्या बरं, मग शिक्षेबद्दल तुमच्यात काय म्हणतात ते मला सांगाल का, मला माहीत नाही. तर म्हणे अर्धा तास हाच त्यांना शिकवत बसला! आम्ही थक्क, घरात चार महिने हूं की चूं नव्हतं.

पाळकसाहेबांना मीच भेटले, सगळं नाही सांगितलं, फक्त म्हटलं ग्रुपवर काही टाकू नका. ते थोडे दुखावले, मग म्हणाले बरं, त्याला क्रिकेटला बोलवू का शनिवारी, काउन्सेलिंग नाही, नुसतं क्रिकेट. भाऊ अजून हो म्हणाला नाहीये.

आईला रविवारच्या_माणसांचा प्रतिसाद वाचून दाखवला. काकांशी अजून वाद चालूच आहे, पण गुरुवारी पुण्याला निघताना डब्यात ज्वारीच्या चार भाकरी आणि पिठलं दिलं आणि म्हणाली, आधी खाऊ घाल त्याला, मग ने.

---

कोरा_चहा

छान. थायरॉईडचा रिपोर्ट आला का?